मास्तर, त्याचा धाकटा आणि माझी साडी

२७ ऑक्टोबर, सोमवार

ही डायरी कमलेशची, माझ्या लेकाची. तो बसनं जवाहरनगरला कारखान्यात जातो, तिथं जानेवारीत कोणी तरी त्याला दिली. पहिल्या पानावर त्यानं गॅसवाल्याचा नंबर लिहिला आणि डायरी कपाटावर टाकली. इतके महिने कोरेच गेले. जाऊ दे, मी आजपासून लिहिते. मी आंधळगावच्या शाळेत चौथी शिकली आहे. अक्षर मोठं आहे, आणि डोळ्यांपायी हल्ली अजूनच मोठं झालं.

लिहायचं कारण दामिनी. माझी नात. नागपूरला पीएचडी करते. डॉक्टर होणार आहे, सुईवाली नाही, पुस्तकवाली. दिवाळीला आली होती, भाऊबीज झाली की निघाली. निघता निघता माझ्या हातात एक कादंबरी दिली, एक निळी वही दिली आणि एक भिंग दिलं, बशीएवढं.

"आजी, रोज दोन पानं वाच. आन् मनात जे येईन ते निळ्या वहीत लिही."

"मले का समजते व त्यातलं?"

"तेच तं पाहिजे मले. आमी शिकलेले लोक आधी ठरवतो, मंग वाचतो."

मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळपर्यंत चार घरी सांगून आली. शेजारची शोभाताई म्हणे, "या वयात तुले परीक्षा का?" मी म्हटलं, "हो. आन् तुले काहून नाही घेतलं, त्याचा इचार कर."

दामिनीचा विषय असा आहे, की माणूस आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतो तेव्हा त्याला स्वतःचं किती कळलेलं असते, आणि वाचणाऱ्याला त्याच्याहून जास्त काहून कळते. त्याला त्यांच्यात मोठं नाव आहे. ते तिनं दोनदा सांगितलं, मी दोनदा विसरली.

निळ्या वहीत फक्त कादंबरीचं लिहायचं, असा हुकूम आहे. पण माझं डोकं एकाच धोट्यानं चालत नाही. म्हणून बाकीचं इथं.

२९ ऑक्टोबर

साडीचं लिहायचं राहिलं.

मागावर सध्या कोसाची, म्हणजे टसर रेशमाची साडी आहे, करवतीच्या दात्यांसारख्या करवती काठाची, विणकरांच्या स्पर्धेला पाठवायची. फॉर्म कमलेशनं भरला, माझ्या नावानं. माग माझा, काठाची करवत माझ्या सासूनं शिकवलेली, विणकराचं कार्ड माझं. तर साडी माझी. आमच्या मोहल्ल्यात असंच चालते. साडी मागाच्या नावानं ओळखतात. अमकीच्या मागावरची, तमकीच्या मागावरची. मागावर बसलं कोण, हे कोणी विचारत नाही.

कोरोनाच्या साली माझे डोळे गेले. एकातला मोतीबिंदू काढला, दुसऱ्यात पडद्याचं काही आहे ते निघत नाही. तेव्हापासून रक्षा बसते मागावर. रक्षा म्हणजे सून, दामिनीची आई. पाच वर्षं झाली. चांगली बसते, तक्रार नाही. मी बाजूला खाटेवर बसून सांगते. तिचं भलं व्हावं म्हणूनच मी तिला हे सगळं शिकवलं. बारावी झालेली पोरगी, नर्सचा नंबर लागला होता तिचा लग्नाच्या साली. पण दवाखान्यात लोकाची घाण काढण्यापेक्षा घरचा माग काय वाईट?

दामिनीनं दिवाळीत फॉर्म पाहिला. "आजी, नाव तुझं टाकलं?"

"मंग का सरपंचाचं टाकू?"

ती हसली नाही. आईजवळ जाऊन बसली, तिच्या धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या भरून देऊ लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला ही कादंबरी दिली. ह्या पोरीच्या मनात कधी काय येते, तिचं तिला माहीत.

२ नोव्हेंबर, रविवार

दोन पानांना दीड तास. अक्षर मुंगीएवढं. भिंग धरून हात दुखते, आणि त्यात हा मास्तर मुद्द्यावर येत नाही.

कादंबरीत एक म्हातारा हेडमास्तर आहे, रिटायर झालेला, तो आपली जिंदगी सांगतो. सांगतो म्हणजे काय, सात पानं तर त्याच्या खुर्चीवरच आहेत. शाळेतली खुर्ची कशी होती, हात ठेवायच्या जागी लाकूड कसं गुळगुळीत झालं. अरे बापा, पुढं चाल. त्याचा एक धाकटा भाऊ आहे, तो गावात शेती करतो. मास्तरनं त्याच्यासाठी खूप केलं, असं मास्तरच म्हणतो.

मला राहवलं नाही, मी शेवटची चार पानं वाचून घेतली. आपण साडी घ्यायला गेलो तर आधी पदर उघडून पाहतो ना? पदर पाहिला की अंगाची परीक्षा होते. तसं.

शेवटी धाकटा मेलेला आहे आणि मास्तर त्याला चिठ्ठी लिहायला बसतो. वर नुसतं "प्रिय" लिहितो आणि थांबतो. संपली कादंबरी.

हे काय झालं?

३ नोव्हेंबर

दामिनीचा फोन. मी खुशीत सांगितलं की शेवट वाचला.

"आजी! काहून वाचलास? सगळा प्रयोगच बिघडवला तू! तुले पहिल्यांदा वाचताना काय वाटते, तेच तं पाहिजे होतं."

"मंग तसं सांगायचं होतं. पदर पाहू नको म्हणून."

मग म्हणाली, "ठीक आहे. आता तुले शेवट माहीत हाये, मास्तरले माहीत नाही. तो कुठं कुठं लपवते, ते पाहात जा. आमचे सर म्हणतात तुकडा समजाले पूर्ण समजावं लागते, आन् पूर्ण समजाले तुकडा."

ह्यात शिकवायचं काय आहे? करवतीचा एक दाता विणला तर तो दाता दिसतच नाही, लाल ठिपका दिसते. दहा विणले की मग पहिला दाता होता हे कळते. एवढ्यासाठी नागपूरला जावं लागते का?

पण ती माझ्यावर रागावली, ह्याचं वाईट वाटलं. जेवणात मन लागलं नाही. रक्षानं लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली होती, या सालातली पहिली. मला मीठ कमी लागलं. तसं म्हटलं तर ती म्हणे, "बरोबर हाये आई मीठ." दोघी आपापल्या मतावर राहिलो.

९ नोव्हेंबर

आता मी जोरात वाचते. रक्षा मागावर, मी खाटेवर. धोट्याचा आवाज आणि माझा आवाज. ती ऐकते की नाही माहीत नाही, पण मला समोर कोणी असलं की वाचायला जोर येते.

आठवडाभर मास्तरनं चोवीस पानं आपल्या कष्टाचीच सांगितली. गावाला शाळा कशी आणली, पावसात कसा चालत गेला. मी म्हटलं, "किती मेहनत केली बिचाऱ्यानं."

मागावरून आवाज आला, "त्याले म्हणा, एक दिवस नांगर धर."

मला हसू आलं. रक्षा अशी मधीच बोलते, दोन दिवसांतून एक वाक्य. थोड्या वेळानं परत म्हणाली, "आई, त्या धाकट्याचं नाव का हाये?"

"नाव? असंन काही तरी."

पण मी मागं जाऊन पाहू लागली. भिंग फिरवून फिरवून डोळ्याला पाणी आलं. नाव नाही! साठ पानं झाली, मास्तरच्या बायकोचं नाव आहे, कुत्र्याचं आहे, शाळेच्या शिपायाचं आहे. धाकट्याचं नाही. नुसतं "धाकटा". मग मी पुढंही चाळून पाहिलं, तिथंही नाही. आणि शेवटी "प्रिय" लिहून थांबला तो. त्याला नावच लिहिता आलं नसणार!

निळ्या वहीत हे दोन पानं भरून लिहिलं. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं.

१२ नोव्हेंबर

दामिनीला फोनवर नावाचं वाचून दाखवलं. पोरगी ओरडलीच. "आजी! हे कोणाच्याच लक्षात आलं नाही! मी चारदा वाचली कादंबरी, माझ्या लक्षात नाही आलं! मी सरांले सांगते. प्रबंधात तुझं नाव टाकते मी, छापून."

दिवसभर मी नुसती हसत होती. शोभाताईला सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणे, "म्हणजे का होते काकू?" मी म्हटलं, "तुले नाही समजणार."

१४ नोव्हेंबर

मास्तरवर इतका राग आला की पुस्तक फेकलं. दामिनीनं ग्रंथालयातून आणलेलं आहे, परत उचललं, कव्हर पुसलं.

झालं असं. धाकट्याचाही शिक्षकाच्या कॉलेजात नंबर लागला होता. तसं पत्र आलं मास्तरच्या शाळेच्या पत्त्यावर. मास्तरनं ते खुर्चीसमोरच्या टेबलाच्या खणात ठेवलं. धान कापणं होऊ दे, मग देऊ, म्हणून. धान कापून झालं, चुरून झालं, तारीख गेली. आणि लिहितो काय? "त्याचा जीव मातीत होता. शहरात तो कोमेजला असता. त्याच्या भल्यासाठीच मी थांबलो."

अरे चोरा! तुला दुसरा मास्तर घरात नको होता, हे सरळ म्हण ना!

आणि हे "भल्यासाठी" त्यानं आतापर्यंत नऊ वेळा लिहिलं. मी मोजलं. खरंच भलं करणारा माणूस एवढ्या वेळा सांगत नाही. हे निळ्या वहीत लिहिलं.

संध्याकाळी कमलेश आला तर त्याला सगळं सांगू लागली. तो बुटाची लेस सोडत म्हणे, "आई, तो खोटा माणूस हाये. कादंबरीतला."

"खोटा असला म्हणून का झालं? असे माणसं आहेत की नाही?"

"आहेत ना," रक्षा चुलीजवळून म्हणाली. आणि फोडणी दिली.

२१ नोव्हेंबर

आज अजून कहर. त्या दोघांची आई विचारते, "कॉलेजचं काय झालं रे?" तर धाकटा म्हणतो, "माझे मार्क कमी पडले, आई." म्हणजे धाकट्याला पत्राचं माहीत झालं होतं! मागच्याच पानावर त्यानं मास्तरच्या खणातून शाई काढून आणली, पत्र तिथंच तर होतं. तरी मास्तरची अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःवर घेतलं. आणि मास्तर काय लिहितो? "धाकटा लहानपणापासून प्रामाणिक. मार्क कमी पडल्याचं त्यानं मोकळेपणानं कबूल केलं."

मी रडली. रागानं रडली. समोर इतकं मोठं दान ठेवलं त्याच्या, आणि हा ते कमी मार्काच्या रकान्यात टाकतो. एवढा शिकलेला, एवढं जाड पुस्तक लिहून राहिला, आणि स्वतःच्या घरात काय झालं ते त्याला दिसत नाही. दामिनीचे सर म्हणतात म्हणे, आपण पुस्तक वाचतो तसं पुस्तकही आपल्याला वाचते. पुस्तकाला काय डोळे असतात? असते तर आधी मास्तरला दिसलं असतं.

साडी आता पदरावर आली आहे. स्पर्धेच्या मॅडम तपासणीला येणार आहेत. रक्षाला म्हटलं, करवत बारीक घे. म्हणे, "घेतलीच हाये."

१ डिसेंबर, सोमवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

स्पर्धेच्या साधना मॅडम आल्या. तरुण आहेत, सलवार कमीज, पाठीवर पिशवी. साडी पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बोट फिरवून पाहिलं काठावर. म्हणाल्या, "कुंताबाई, फारच सुंदर. आता तुम्ही दोन बोटं विणून दाखवा. मागावरचा फोटो लागतो."

हे मला माहीत नव्हतं. कमलेशलाही नव्हतं. रक्षा मागावरून उठली.

मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. पायांना सगळं आठवत होतं, पायाखालच्या पावड्या आपोआप चालल्या. पण तीन धोटे असतात, दोन काठाचे, एक अंगाचा. काठाचा लाल धागा आणि अंगाचा कोसा एकमेकांत अडकवायचा, तेव्हा दाता होतो. कुठं अडकवायचा ते दिसलंच नाही. कोसा तर उजेडातही धुरासारखा. बोटानं चाचपून तीन दाते काढले. चौथा कुठं गेला देव जाणे. पाचव्याला धागा तुटला.

मॅडमनं फोटो काढला नाही. मोबाईल हातात तसाच.

तेव्हा रक्षा म्हणाली, "मॅडम, आईच्या डोळ्यात आज औषध टाकलं हाये जी. त्याच्यानं धूसर दिसते त्याईले. तुमी दोन-चार दिवसांनी या."

औषध! कोणतं औषध? मी कोणतंच औषध टाकलं नाही.

मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी येते. चहा घेतला आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी रक्षावर अशी बरसली की शोभाताई भिंतीवरून पाहू लागली. "खोटं काहून बोलली? मी म्हटलं होतं का तुले? माह्या घरात माह्यासाठी खोटं बोलाची काय गरज होती?"

"मंग का म्हणू?" एवढंच बोलली. आणि बसून माझे वाकडे दाते सोडू लागली. एकेक धागा मागं. मला ते पाहवलं नाही, मी आत जाऊन पडली.

माझा राग अजून गेला नाही. मला कळत नाही, राग कशाचा आहे.

२ डिसेंबर

आज पुढचं वाचलंच नाही. ते मागचं पान परत काढलं, धाकटा आईसमोर खोटं बोलतो ते. ते काहून काढलं, सांगता येत नाही. एक पान, सकाळपासून दुपारपर्यंत. निळ्या वहीत काही लिहिलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

साधना मॅडम अकराला आल्या. रक्षा मागावरून उठू लागली. मी म्हटलं, "बस तू."

मग मॅडमला म्हटलं, आणि आवाज माझा भांडणाचाच निघाला, "मॅडम, औषध-बिषध काही नाही. मले दिसत नाही. पाच साल झाले दिसत नाही. साडी हिनं विणली. काढा फोटो."

रक्षानं माझ्याकडं पाहिलंही नाही. धोटा फेकला. खट्. मॅडमनं फोटो काढला.

मग मॅडम म्हणाल्या, त्यांना असं घरोघरी भेटते. पंधरा तारखेपर्यंत नवा फॉर्म भरता येईल रक्षाच्या नावानं. पण तिचं विणकराचं कार्ड नाही. तर ज्याच्या नावानं माग आहे त्याचं पत्र लागेल, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, की ही साडी हिनं विणली आणि ही इतक्या वर्षांपासून विणते.

"येईल ना लिहिता?" मॅडम म्हणाल्या.

"मी पीएचडीत हाव," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. रक्षा पण हसली असावी, धोट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

रात्री कमलेश वैतागला. "नाव तं घरातलंच राहिलं असतं ना, आई. तुझं असो का हिचं." त्याच्या बापासारखाच आहे. त्यालाही सगळं घरातलंच वाटे.

७ डिसेंबर, रविवार

कालपासून पत्र लिहून राहिली. एका ओळीचं पत्र आहे. चार कागद फाडले.

पहिल्यांदा लिहिलं, "ही साडी माझ्या देखरेखीखाली माझ्या सुनेनं विणली." वाचलं, बरं वाटलं. मग परत वाचलं. देखरेख कोणती? मला तर दिसत नाही. फाडलं.

दुसऱ्यांदा, "मी शिकवलेल्या पद्धतीनं माझ्या सुनेनं." शिकवलं हे खरं आहे. पण मॅडमनं ते विचारलंच नाही. फाडलं.

तिसऱ्यांदा, "माझे डोळे गेल्यामुळे माझ्या जागी माझी सून." चौथं तर अर्ध्या पानाचं झालं, त्यात माझी सासूही आली.

काही केलं तरी मीच पुढं येऊन बसते. वाक्य सुनेचं लिहायला घेते आणि तिसऱ्या शब्दाला मी हजर. मास्तरचंही असंच आहे. धाकट्याचं सांगायला निघतो आणि दोन ओळींत आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. इतके दिवस मी त्याला शिव्या दिल्या की मुद्दाम करतो. मुद्दाम करत नसेल. लिहिताना होत असेल तसं. हे मी निळ्या वहीत नाही लिहिलं.

पाचवं पत्र असं झालं: "ही साडी माझी सून रक्षा हिनं विणली. ती पाच वर्षांपासून विणते. कुंताबाई." बस. लिहून झाल्यावर घाम आला.

मग दामिनीचा फोन. कमलेशनं मोबाईलवर पाठवलेली माझ्या वहीची पानं तिच्या सरांना फार आवडली, मंगळवारी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. "ते नावाचं तं आजी, तुझ्या नावानंच सांगणार मी."

मी म्हटलं, "थांब. ते मी नाही इचारलं. तुझ्या आईनं इचारलं. मी नुसतं शोधलं."

"माहीत हाये मले."

"तुले कसं माहीत?"

मग म्हणाली, "आजी, तू कधी कोणाचं नाव इचारत नाही."

हे तिनं चांगल्या आवाजात म्हटलं. चिडून नाही. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खाटेवर बसून राहिली. लाडाची नात आहे म्हणून काय वाट्टेल ते बोलते. आणि मला राग यायला पाहिजे होता, तो येईना, ह्याचाच राग आला.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी रक्षा नवा फॉर्म भरायला बसली, जेवणं झाल्यावर, पोळपाट उलटा करून त्यावर कागद ठेवून. तिचं अक्षर सुंदर आहे. बारावीचं अक्षर. मी समोर बसून पाहात होती, म्हणजे भिंगातून जेवढं दिसेल तेवढं.

नाव लिहिलं. पत्ता लिहिला. "विणकामाचा अनुभव" असं होतं, तिथं लिहिलं १९.

मी म्हटलं, "चुकलं तुझं. पाच लिही."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"मी पत्रात पाच लिहिलं हाये. मॅडम म्हणाल्या ना, दोन्हीकडं सारखं पाहिजे."

"आई, एकोणीस झाले."

"कसे एकोणीस?"

"दामिनी पहिलीत होती तेव्हापासून. तुमची कंबर धरली होती त्या साली. तुमी दुपारी झोपत होत्या, तं मी बसत होती. तुमी उठायच्या आधी उठून जात होती."

"रोज?"

"बहुतेक रोज. मंग सवय लागली."

"मले काहून नाही सांगितलं?"

तिनं फॉर्मवरचे धुळीचे कण फुंकले. "तुमी संध्याकाळी दाते मोजत होत्या ना. म्हणत होत्या, अजून माह्या हातात जोर हाये. कशी सांगू?"

आणि उठून भांडी घासायला गेली. फॉर्म तिथंच.

मी त्या दुपारी आठवून पाहिल्या. चौदा वर्षांच्या दुपारी. झोपून उठायची, तोंड धुवायची, मागावर बसायची, आणि साडी वीतभर पुढं गेलेली असायची. मला वाटे, सकाळी मी एवढं विणलं होतं. चार बायांना सांगायची की या वयात दिवसाला इतकं विणते. त्या चांगलं म्हणायच्या.

मला कळलं नव्हतं का? आपल्या हातची वीण आपल्याला ओळखू येत नाही, असं कसं होईल? तेव्हा तर डोळे चांगले होते. की कळलं होतं, आणि मी ते खणात ठेवून दिलं? खरं सांगते, मला आठवत नाही. खोटं बोलत नाही. ह्या डायरीत मी कोणाशी खोटं बोलू? तरी सांगता येत नाही. मास्तरला लोक विचारतील तर तोही हेच म्हणेल, आठवत नाही म्हणून. आणि तेव्हा माझ्यासारखी कोणी चौथी शिकलेली बाई त्याला चोर म्हणेल.

रक्षाला परत एकदा म्हटलं असतं, पाच लिही, तर तिनं लिहिलं असतं. हे मला चांगलं माहीत आहे. एक शब्द न बोलता खोडून पाच केलं असतं, आणि भाजीला फोडणी दिली असती. पत्रात तर पाच लिहूनच झालं होतं. काही करायचंच नव्हतं, नुसतं अजून एकदा म्हणायचं होतं.

पाचवं पत्र फाडलं. सहावं लिहिलं. भांड्यांचा आवाज थांबायच्या आत लिहून काढलं.

त्यात एकोणीस हे अक्षरात लिहिलं. आकडा लिहिला तर कोणी खोडू शकते. कोणी म्हणजे मीच.